हळद विकून टेलिफोनच्या तारा

हळद शिजायला लागली की सांगलीत महिना कोणता चाललाय हे कॅलेंडरात बघावं लागत नाही, नाक सांगतं. काहिलीतून वाफ उठते आणि वाऱ्याला उकडलेल्या मातीसारखा कडसर, ओला वास येतो. अंगणं पिवळी पडतात. हमालांच्या भुवया पिवळ्या, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे, हॉटेलातल्या कपाच्या कानावर कुणाचीतरी पिवळी बोटं उमटलेली. यंदा त्या वासात लाऊडस्पीकर मिसळलाय. निवडणूक लागलीय. दीड वर्ष ज्यांना खोकायचीही चोरी होती ती माणसं टांग्यातून आणि जीपमधून ओरडत फिरताहेत, आणि त्यांच्यात मीही आहे. पिशवीत पत्रकं आहेत, शाई अजून बोटाला लागते. लोक पत्रक घेतात, घडी घालतात, आजूबाजूला बघतात आणि मग खिशात ठेवतात. हसत मात्र कुणी नाही.

हे न हसणं मी आधी बघितलंय. आणीबाणीच्या आधीचा तो हळदीचा हंगाम, तेव्हाही माणसं अशीच घडी घालून सगळं खिशात ठेवत होती. देशाचं काय होणार, यावर पारावर, एसटीत, न्हाव्याच्या दुकानात वाद चालायचे. आमच्या घरात मात्र तो सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबायचा: मामांनी पेव फोडून टेलिफोन कंपनीचे शेअर घ्यावेत की नाहीत.

पेव म्हणजे काय ते सांगते. सांगलीहून हरिपूरकडं जाताना दोन्ही बाजूंना रान दिसतं, पण त्या रानाखाली हळद पुरलेली असते. नदीकाठच्या त्या मातीत ओल शिरत नाही. खोल खड्डा खणायचा, आतून पालापाचोळा लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. भाव येईपर्यंत वर्ष, दोन वर्षं ती तिथं अंधारात पडून राहते. म्हणे रंगही जास्त धरते. या पेवाचा नियम एकच, पण कडक आहे. तोंड फोडलं की सगळं उपसायचं. गरजेपुरती चार पोती काढली आणि परत लिंपलं, हे चालत नाही. हवा शिरली की हळद घामेजते, मग कीड लागते. त्यामुळं आमच्याकडं पेव अर्धं फोडता येत नाही आणि मनही अर्धं करता येत नाही.

मामा फौजेत सिग्नलमध्ये होते, सुभेदार होऊन परत आले. गाव रहिमतपूरच्या अलीकडं. सगळी नोकरी तारेचं रीळ खांद्यावर घेऊन डोंगर चढण्यात गेली. गावी आल्यावरही चालताना मान वर. दुसरी माणसं रस्ता बघतात, मामा खांब बघायचे. एखादी तार सैल दिसली की थांबून तोंडातल्या तोंडात बांधणाऱ्याचा उद्धार करायचे आणि मग पुढं निघायचे.

पेवातली हळद मात्र मामीची. सातबारा मामांच्या नावावर होता, पण हळद कुणाची याबद्दल गावात शंका नव्हती. दुष्काळात तालुक्यात हळदीचं बेणं राहिलं नाही. मामीनं धुण्याभांड्याचं पाणी घालून परसात वाफे जगवले. लोक म्हणायचे, बाईला खुळ लागलंय, प्यायला न्हाई आन ही हळदीला पाजतीया. पाऊस पडला तेव्हा लावायला बेणं हिच्याकडंच होतं. जे पहिलं भरघोस पीक आलं ते तिनं ट्रकमधून सांगलीला आणलं, स्वतः उभं राहून पेवात घातलं. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ती हळद जमिनीखाली होती.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात एका अडत्याकडं दिवाणजी. तिथं हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. खरेदीदार आणि अडत्या हातात हात घालणार, वर रुमाल टाकणार, आत बोटं दाबून भाव ठरणार. ज्याची हळद तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाच्या हालचाली बघणार. माझ्या मते हे त्याच्याच डोळ्यांवर फडकं टाकणं होतं, आणि मी तसं पत्रक काढलं होतं. दादांनी ते शांतपणे वाचलं आणि त्यात नमुन्याची हळकुंडं बांधून नेली. या दादांना मुंबईचा शेअरबाजार मात्र उघडा कारभार वाटायचा, कारण तिथला भाव पेपरात छापून येतो. त्यांनीच मामांना सांगितलं होतं की पुण्याकडं एक नवी कंपनी निघतेय, टेलिफोनच्या तारा आणि खांबावरचं सामान करणार आहे, आणि तिचे शेअर विक्रीला निघालेत.

त्यासाठी एक दिवस मामा आमच्या पडवीत मांडी घालून बसले होते. मामी गावीच होती.

"दाजी, सोपं हाय की," मामा दादांना म्हणाले. "साखर कारखान्याचा शेअर घेतला की आपला ऊस जातो. टेलिफोनचा घेतला की आपल्या गावात टेलिफोन येतो."

"तसं नसतं, सुभेदार."

"मग सभासदाला काय मिळतंय?"

"नफ्यातला वाटा."

"दिवाळीला?"

"झाला नफा तर."

मला राहवलं नाही. "मामा, तुम्ही सभासद होणार नाही. कारखान्यात एक माणूस, एक मत. इथं जितके शेअर तितकी मतं. ज्याच्याकडं पोतंभर शेअर त्याचं पोतंभर ऐकणार."

मामांनी मांडी बदलली. "म्हंजी आपण जायचं, बसायचं, आन दुसऱ्यानं ठरवायचं?"

"हो."

"मग त्याची सवय हाय मला. फौजेत तेच केलं."

दादा हसले. मी हसले नाही. मला त्या दिवसांत हसायचा राग यायचा. आदल्या पावसाळ्यात सरकारनं कंपन्यांच्या लाभांशावर लगाम घातला होता आणि शेअरबाजार मुंबईत कोसळला होता. त्याआधी रेल्वेचा संप मोडून काढला होता. गोडेतेल, डालडा, रॉकेल, जे मागावं ते दुकानदार संपलं म्हणून सांगायचा आणि मागच्या दारानं विकायचा. परराज्यात पोरं रस्त्यावर उतरली होती. सरकारविरुद्ध बोलणारी आम्ही सांगलीत मोजकीच होतो, पण एका छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून असं लिहायचो की जणू उद्या सकाळी दिल्ली हलणार आहे.

दादांचं तोलणं वेगळं होतं. ते हळकुंड मोडून रंग बघतात तसं एकेक गोष्ट मोडून बघायचे. बाजार पडलाय म्हणजे स्वस्त मिळेल. पण गिऱ्हाईक एकच. टेलिफोन खातं सरकारचं. त्यांनी माल उचलला तर कंपनी जगणार, नाही उचलला तर त्या तारांवर धुणी वाळत घालायची. शिवाय सरकार कधी काय ताब्यात घेईल याचा नेम नाही. "बँका घेतल्या, कोळसा घेतला," दादा म्हणाले. "उद्या तारेचे कारखानेही घेतील."

"घ्यायलाच पाहिजेत," मी म्हणाले.

"मग मामांचे पैसे?"

मी पिशवी उचलली आणि छापखान्याकडं निघाले.

उन्हं तापत चालली होती. यार्डात हळदीचे ढोल फिरत होते, आत हळकुंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत होत होती आणि पिवळी धूळ आभाळापर्यंत चढत होती. त्या धुळीतून मी आणि मामा एक दिवस मिरजेच्या रस्त्यानं चाललो होतो. कडेला लोखंडी खांबांची रास पडली होती. मामा थांबले. एका खांबावर हात ठेवला आणि तापलाय म्हणून काढून घेतला.

"सुमे, तू म्हनतीस सरकार घाबरलंय."

"घाबरलंयच."

"मग ऐक. सरहद्दीवर साहेब घाबरला की आधी बंदूक मागत न्हाई. लाइन मागतो. म्हनतो, मला लाइन द्या. आमी बरफात तार ओढत जायचो. तार तुटली की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा दुसऱ्याचा आवाज लागतो, पोरी." त्यांनी त्या राशीकडं बघितलं. "सरकार घाबरलंय म्हनतीस ना? मग तारा लय खपणार."

मामा हे उत्साहानं बोलत होते, एखादा शेतकरी ढगाकडं बघून बोलतो तसं. त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं. आम्ही लिहायचो की घाबरलेलं सरकार पडतं. घाबरलेलं सरकार तारा ओढतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

मग खुणा दिसायला लागल्या, किंवा आधीपासून होत्या आणि मी आता बघायला लागले. आमच्या सभांना इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ यायचा. तो टाळ्या वाजवायचा नाही, शिव्याही द्यायचा नाही. आमचं प्रत्येक नवं पत्रक मागून घ्यायचा आणि चुरगळू नये म्हणून वहीत घालायचा. आमचं पत्रक इतकं जपणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. छापखान्याचे मालक एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "बाई, थोडे दिवस लग्नपत्रिका छापाव्या म्हणतो."

मामांनी शेवटी मनानंच ठरवलं. मामीला निरोप धाडला तो पेव फोडायचा दिवस ठरल्यावर. ती एसटीनं आली, थेट हरिपूरला उतरली, आणि पोचली तेव्हा पेवाचं तोंड उघडं पडलं होतं.

पेवाचं तोंड फोडलं की लगेच आत उतरत नाहीत. आधी कंदील सोडून बघतात. मुकादमानं दोरीला कंदील बांधला आणि खाली सोडला. आम्ही कडेला वाकून बघत होतो. ज्योत थोडी खाली गेली, बारीक झाली, आणि विझली. कुणी फुंकली नव्हती. सकाळचं लख्ख ऊन होतं, आणि आमच्या पायाखाली असा अंधार होता की त्यात दिवा जगत नव्हता.

"वारं मेलंय आत," मुकादम म्हणाला. "आज कुणी उतरायचं न्हाई."

मामी काठावर पदर सावरून बसली. मग मामांना म्हणाली, "आवं, मला इचारलं न्हाई."

"इचारणार हुतो."

"कवा? हळद गिऱ्हाइकाच्या घरला गेल्यावर?"

मामा वर बघायला लागले. तिथं खांब नव्हता.

"दुष्काळात तुमी कुठं हुता?" मामी म्हणाली. "सरहद्दीवर. मग माझ्या हळदीचं तोंड फोडायला कोण तुमी?"

आता भांडून उपयोग नव्हता. तोंड फुटलं होतं, ते परत लिंपता येणार नव्हतं. हळद आता विकायची हे नक्की झालं होतं. ते पैसे कुठं जाणार, एवढंच मामीच्या हातात उरलं होतं.

ती माझ्याकडं वळली. "सुमे, तू शिकलेली हायस. सांग, हे सरकार पडतंय का ऱ्हातंय?"

"पडतंय."

"कशावरनं?"

"लोक चिडलेत."

"लोक दुष्काळातबी चिडलं हुतं. बरं, न्हाई पडलं तर?"

"तर आम्हाला धरतील."

"धरायला तारा लागत्यात?"

मी खोटं बोलू शकले असते. मामीनं सरळ विचारलं होतं, मी सरळ सांगितलं. "लागतात."

"म्हंजी पडलं न्हाई तर तारा खपत्यात. आन पडलं तर नवं येणाऱ्यालाबी लागतीलच." ती उठली, लुगड्याची माती झटकली. "घ्या मग. पण कागद माझ्या नावचा. हळद माझी हाय."

मी चिडले. म्हणाले, मामी, उद्या त्याच तारेवरून हुकूम येईल आणि माणसं आत जातील, त्यातला वाटा तुला गोड लागेल का? ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "पाप का पुण्य ते तू पत्रकात लिव, बाई. मला म्हातारपण काढायचं हाय."

दुसऱ्या दिवशी कंदील खाली तळापर्यंत जळत गेला. माणसं उतरली आणि पिवळी पोती वर यायला लागली. मामी प्रत्येक पोत्यात हात घालून बघत होती. हळद उत्तम होती, रंग असा की डोळे दिपावेत. मुकादम म्हणाला, अजून वर्षभर ठेवायला पायजे हुती.

त्या जूनमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एका सकाळी रेडिओ लावला आणि देश बदलला होता. आमच्यातले जे ओळखीचे चेहरे होते ते पहिल्या दिवसांत उचलले गेले. मी दुय्यम होते, बाहेर राहिले. छापखाना बंद झाला, तेव्हा आम्ही हातानं, सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढली. भर पावसात ती पिशवीच्या तळाशी घालून, वर मेथीच्या जुड्या टाकून मी एसटीनं मामांच्या गावी निघाले. गाडी वाटेत पंक्चर झाली. आम्ही सगळे उतरून झाडाखाली उभे राहिलो. मला वाटलं, बरं झालं, अंधार पडता पडता पोचेन, कुणी बघणार नाही.

गावाच्या तोंडाशी नवा खांब होता. तारेवर पावसाचे थेंब ओळीनं लोंबत होते. मामांना हवा होता तो टेलिफोन गावात आला होता, शेअर घेऊन वर्षही झालं नव्हतं. फक्त तो पोलीस चौकीत आला होता.

एसटीच्या पायरीवरून मी खाली उतरले तर जमादार छत्री घेऊन समोर. "या, बाई. सांगलीस्नं फोन आला हुता. दुपारधरनं वाट बघतूया. चहा टाकलाय." माझी गाडी पंक्चर झाली, माझं नाव झालं नाही. ते माझ्या आधी पोचलं होतं.

मला सर्वांत जास्त भीती जमादाराच्या चहाची वाटली. त्यानं आवाज चढवला नाही. मेथीच्या जुड्या एकेक करून बाजूला ठेवल्या, पत्रकं काढून घेतली आणि भाजी परत पिशवीत नीट लावून दिली. मामी भाकरी घेऊन चौकीत आली. मामा बाहेर पावसात उभे होते, त्या खांबाखाली. मला जीपमध्ये बसवलं तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं. उभ्या आयुष्यात मामा पहिल्यांदाच खाली बघत होते.

तुरुंगात मामा भेटायला यायचे. एकदा त्यांनी कंपनीच्या वार्षिक सभेची हकीकत सांगितली. शेअर मामीच्या नावावर, पण ती म्हणाली तुमीच जा, म्हणून तिचं मुखत्यारपत्र घेऊन ते पुण्याला गेले. छातीवर पदकं लावून, फेटा बांधून, डब्यात दोन वेळची भाकरी घेऊन. साखर कारखान्याची सभा म्हणजे दिवसभर आरडाओरडा, माइक ओढणं, आणि शेवटी जेवणावळ. तसंच असेल असं धरून गेले होते. थंडगार खोलीत सुटातली मोजकी माणसं होती. कागद वाचले, हात वर झाले, खाली आले. मामांचा चहा निवायच्या आत सभा संपली.

"मी उठलो की," मामा जाळीपलीकडून म्हणाले. "इचारलं, सभासदाच्या घरात टेलिफोन कवा येणार?"

"मग?"

"अध्यक्ष म्हनले, आभारी आहे. आन सगळी जेवाय गेली. मी डबा बागेत बसून खाल्ला." मग ते म्हणाले, "पण सुमे, एक बरं झालं. कुणी भांडत न्हाई. असं शांत मी फौजेतबी बघितलं न्हवतं."

शांत. तेव्हा सगळंच शांत होतं. संप नव्हते, मोर्चे नव्हते, गाड्या वेळेवर धावत होत्या असं सगळे सांगत होते. सरकारी मागणी वाढली, कंपनीचा माल हातोहात जायला लागला. दादा भेटायला आले की आजूबाजूला बघत, एखाद्याचं दुखणं सांगावं तशा आवाजात सांगायचे, "वर गेलाय." मी आत बसून मनात मांडणी करायचे. आमच्यातलं एकेक माणूस आत येत होतं आणि बाहेर मामीच्या म्हातारपणाला आधार येत होता. दोन्ही एकाच तारेनं. मी मामीवर रागवायचा खूप प्रयत्न केला. पण मामीला नेमका भाव मीच सांगितला होता, पेवाच्या काठावर, खरं बोलून.

आणि आता परत हळद शिजतेय. मामी यंदाची हळद घेऊन सांगलीला आलीय. परवा आमच्या अंगणात ती हळकुंडं पसरत होती. मामा पडवीत बसले होते, हल्ली ते फार बोलत नाहीत. दादा पेपर घेऊन आले आणि म्हणाले की मतदानाच्या आत शेअर विकलेले बरे. नवं सरकार आलं तर जुन्यांच्या ऑर्डरी राहतील की जातील, काही भरवसा नाही. कंपनीच घेऊन टाकतील किंवा चौकशी लावतील. आत्ता चांगला भाव आहे. सगळे मामीकडं बघायला लागले.

मामी हळदीतून उठली नाही. मला म्हणाली, "सुमे, तुझी मानसं आली तर तारा उतरवतील?"

मला हो म्हणायचं होतं. मी आत काढलेले महिने त्या एका शब्दासाठी काढले होते. पण आदल्याच दिवशी मी आमच्या कचेरीत होते. माझ्यासारखेच नुकते तुरुंगातून सुटलेले, आम्हाला कायम स्वातंत्र्यावर व्याख्यान देणारे आमचे पुढारी तिथं बसले होते. अजून एक मत पडलेलं नाही, आणि वाद चालला होता की आपलं राज्य आलं तर कोणतं खातं कुणाला. पहिला वाद गृहखात्यावरून, म्हणजे पोलीस कुणाच्या हातात यावरून झाला. त्यावर आवाज चढले. एकानं दार लावून घ्यायला सांगितलं, म्हणाला, बाहेर ऐकू जाईल.

"नाही उतरवणार," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या," मामी दादांना म्हणाली, आणि पुढची पाटी पसरायला लागली.

आज संध्याकाळी मामांच्या गावात आमची सभा आहे. सभेची वर्दी चौकीत द्यावी लागते. दादा म्हणाले, जायला कशाला पाहिजे, पोस्टातून फोन करून टाक. मी गेले, कॉल मागितला, बाकावर बसून राहिले. लागला एकदाचा. घरघर झाली आणि त्या घरघरीतून जमादाराचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. मी म्हणाले, सांगलीहून बोलतेय, आजच्या सभेत बोलणाऱ्यांची नावं द्यायची आहेत, पहिलं माझं घ्या.

"तुमचं नगं, बाई," तो म्हणाला. "तुमचं हाय आमच्याकडं. बाकीच्यांची सांगा."